आडनावाच्या कोऱ्या चौकटीची मोहीम

विज्ञापना ऐसी जे, किल्ले सर केल्याच्या आणि नद्या ओलांडल्याच्या हकिकती पूर्वील लेखकांनी भरपूर लिहिल्या, परंतु एक बोट लांब आणि अर्धे बोट रुंद ऐशा चौकटीसाठी जी मोहीम जाहली तिजविषयी कोणी दौत उघडली नाही, म्हणोन हा मजकूर सादर केला असे. यात पदरचे काही घातले नाही. जे घडले ते घडले तैसे लिहिले, आणि मंडळी जेथे कुजबुजली तेथे कानावर आले तितकेच घेतले.

सदर चौकट म्हणजे जन्मनोंदणीच्या अर्जातील तिसरी. तिच्यावर 'आडनाव' ऐसा शब्द, आणि शब्दाच्या डोईवर लाल तारा, आणि तारा असे तेथे काही ना काही भरलेच पाहिजे ऐसी सरकारची सक्त ताकीद. ती चौकट कोरी राखावी या हट्टास जी पेटली, ती राजमान्य चष्मेवाली बाई, भिंगे घासण्याच्या हुन्नरात नामांकित. चौकातील चष्म्याच्या दुकानी मागील खोलीत त्यांचा मुक्काम, आणि एका केसाइतका फरक असला तरी भिंग परत सहाणेवर घालीत, आणि गिऱ्हाईक बाहेर डोळे चोळीत उभे असले तरी घाई करीत नसत.

बाईसाहेबांचा मूळ मुलूख डोंगरापलीकडे. त्या मुलखाची रीत ऐशी की माणसास नाव एकच, आणि तेही जन्मसमयी जे घडले त्यावरोन ठेवायचे, आणि एकदा एकास दिले की पुन्हा कोणास द्यायचे नाही. बाईसाहेबांच्या जन्मसमयी सुईण निम्म्या वाटेवर होती, आणि कन्या तोवर येऊन मोकळी, म्हणोन त्यांचे नाव 'थांबली नाही'. त्यांच्या भाषेत हा दोन अक्षरी एकच शब्द, ऐकावयास गोड. बंधूंचे नाव 'दिवा गेला तेव्हा'. आडनाव म्हणोन जो पदार्थ असतो तो या भावंडांनी मोठेपणी, या शहरी आल्यावर, प्रथम पाहिला.

शहरी येताच कागदपत्रे करणे प्राप्त जाहले, आणि कचेरीतील एका सज्जन कारकुनाने विचारिले की आडनाव काय, तेव्हा बाईसाहेबांनी नाही ऐसे सांगितले, मग कारकुनाने क्षणभर विचार करोन त्या चौकटीत 'लागू नाही' ऐसे शब्द टंकिले आणि शिक्का मारिला. तेथोन 'लागू नाही' हे घराणे पृथ्वीवर आले. वीजवाल्यांचे खलिते 'श्रीमती लागू नाही' यांचे नावे येऊ लागले. ग्रंथालयाने नुसते 'लागू' लिहिले, कारण त्यांच्या कार्डावर तितकेच मावले. दाताच्या दवाखान्याने 'नाही' तेवढे ठेविले. ऐसी एका बाईची तीन घराणी जाहली, आणि टपालवाला प्रामाणिक गृहस्थ, त्याने एकदा जिन्यात थांबवोन पुसले की तुमच्या घरी एकंदर किती भाडेकरू.

बाईसाहेब या गोष्टीस हसत. किंबहुना त्यांचा विवाह याच आडनावाने जुळविला. दुकानाच्या इमारतीतील लिफ्ट दुरुस्तीस एक कारागीर आले, लांब हात, खिशात सदैव पान्हा, बोलणे थोडके. काम उरकल्यावर त्यांनी पावतीवर सही मागितली, आणि बाईसाहेबांनी नाव लिहोन पुढे शिरस्त्याप्रमाणे 'लागू नाही' लिहिले, ते वाचोन कारागीर समजले की बाई सही नाकारितात. मग त्यांनी दुसरी पावती पुढे केली, मग तिसरी, आणि तिसऱ्या वेळी अगदी हवालदिल होऊन बोलिले, "बाई, लागू नसली तरी करा हो सही. मला वर दाखवावी लागते." त्यावर उभयता हसली, आणि पुढील वर्षी लग्न जाहले. लग्नात लिफ्टवाल्यांनी आपले आडनाव देऊ केले, परंतु बाईसाहेबांनी घेतले नाही, आणि त्यांनी आग्रह धरिला नाही.

पुढे बाईसाहेबांस दिवस गेले, आणि नऊ मास भरले, आणि एके सकाळी कळा सुरू जाहल्या, तेव्हा उभयता इस्पितळी पावली. तेथे पाहतात तो प्रसूतीचे दालन चौथ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. नवरा लिफ्टचा धन्वंतरी, परंतु हत्यारांची पेटी घरी, आणि पान्हाही नेमका त्या दिवशी खिशात नाही. मग बाईसाहेब कठड्यास धरोन जिना चढू लागल्या, दर दहा पायऱ्यांस थांबत, आणि लिफ्टवाले मागे दोन्ही हात पसरोन, आणि तोंड ऐसे की जणू त्यांच्याच हाताने लिफ्ट बिघडली. चौथा मजला गाठिला आणि घटकाभरात कन्या जाहली, आणि मायदेशीच्या रीतीने बाईसाहेबांनी तेथेच नाव ठेविले. तोही त्यांच्या भाषेतील एकच शब्द, आणि अर्थ त्याचा 'जिन्याने आली'.

लिफ्टवाल्यांस पोरीचे मुख पाहोन आनंद जाहला, परंतु नावाचा अर्थ ऐकोन ते खिन्न जाहले. जन्मभर हिला लोक अर्थ पुसणार, आणि जन्मभर बापाची इभ्रत जाणार, ऐसे त्यांनी हळूच सुचविले.

"विचारलं कुणी तर मी काय सांगू?"

"जे झालं ते सांग," बाईसाहेब बोलिल्या. "मला कुठे लाज वाटली चढताना?"

दुसरे दिवशी लिफ्टवाल्यांनी पेटी आणोन इस्पितळाची लिफ्ट कोणी न सांगता दुरुस्त केली, आणि दुपारपर्यंत वर-खाली फिरवोन पाहिली.

त्याच दिवशी बाईसाहेबांची दृष्टी पाळण्यास बांधिलेल्या पट्टीवर गेली. तीवर निळ्या शाईने लिहिले होते, 'बाळ लागू नाही'. अकरा वर्षे ज्या शब्दांस हसल्या ते शब्द आता दीड वितीच्या जिवास चिकटिले होते. बाईसाहेब हसल्या नाहीत. त्यांनी पट्टी सोडवोन उशाखाली ठेविली, आणि मनी निश्चय केला की या पोरीस कोणी लागू नाही म्हणणार नाही, आणि दुसऱ्याचे उतरलेले नावही तीस घालावयाचे नाही. जे नाव आहे तेच, तितकेच, कागदी उतरवावयाचे. नोंदणीस मुदत तीस दिवसांची. तोवर चौकट न भरल्यास आईच्या कागदावरील आडनाव यंत्र आपणच उचलोन घालणार, ऐसा कायदा होता.

ही वार्ता मातुःश्रींस, म्हणजे लिफ्टवाल्यांच्या आईसाहेबांस, पोचली. मातुःश्री आडनावांच्या बाबतीत मोठ्या व्यासंगी. त्यांच्या सासरच्या आडनावाचा अर्थ लोहार, आणि वैधव्य आल्यापासोन त्यांनी एक जाड वही मांडिली होती, तीत जगातील यच्चयावत लोहारांची नोंद. हंगेरीचे कोवाच ते लोहार, अरबांचे हद्दाद ते लोहार, इटलीचे फेरारी, जर्मनीचे श्मिट, रशियाचे कुझ्नेत्सोव, तुर्कांचे देमिरजी, सारे ऐरणीचे वंशज आणि म्हणोन आपले सोयरे, ऐसा त्यांचा सिद्धांत. बातम्यांत कोठे कोवाच नावाचा खेळाडू जिंकिला की मातुःश्री घरी साखर वाटीत. वास्तविक या घराण्यात चार पिढ्या कोणी घण उचलिला नव्हता, आणि कैलासवासी सासरे तर शेगडीसही भीत. परंतु तो विषय वहीत नाही.

मातुःश्री वही काखोटीस मारोन आल्या, आणि पोरीस मांडीवर घेतले, आणि फर्मावले की नातीने लोहारांचे आडनाव लावावे. कारण हे नाव असता मुलगी जगाच्या पाठीवर कोठेही गेली तरी परकी नव्हे, दर गावी एक लोहार असतोच.

बाईसाहेबांनी दुधाची बाटली खाली ठेविली.

"आई, तुमचं नाव चांगलं आहे. पण ते तिच्या आधीचं आहे. आमच्याकडे नाव म्हणजे नवी खोली. तिच्यात आधी कुणी राहून गेलेलं नसतं."

"आणि आमच्या खोलीत काय ढेकूण आहेत का?" मातुःश्रींनी पुसले.

येथे तह फिसकटला. पुढे कित्येक दिवस मातुःश्री रोज येत, बाटल्या उकळीत, लंगोट वाळत घालीत, पोरीशी चार तास बोलत, आणि सुनेशी एक शब्द नाही. काही सांगणे जाहल्यास पोरीस सांगत, की तुझ्या आईला म्हणावं चहा गार होतोय. लिफ्टवाले उभय लष्करांच्या मध्ये सापडिले, आणि घरातील बिजागऱ्यांस तेल घालू लागले.

एकविसाव्या दिवशी बाईसाहेबांनी पहिली स्वारी केली. पोरीस छातीशी बांधिले, अर्ज घेतला, आणि नोंदणी कचेरीवर चाल केली. तेथे नऊ खिडक्या, परंतु नवजातांचा कारभार चार नंबरच्या खिडकीत, आणि तेथील किल्लेदार म्हणजे एक बारीक गृहस्थ, अर्धी बाही, समोर पेन्सिलींचे टोक एका दिशेस लाविलेले. बाईसाहेबांचा क्रमांक त्र्याऐंशी, आणि फलकावर एकेचाळीस. दोन प्रहरी गाठ पडली.

किल्लेदाराने चौकट कोरी ठेवोन कळ दाबिली, तो यंत्राने लाल अक्षरांत 'त्रुटी' म्हणोन धुडकाविले. मग त्याने टिंब घातले, त्रुटी. आडवी रेघ घातली, त्रुटी. मग बाईसाहेबांच्या मसलतीने मधली लांब कळ दाबोन नुसती मोकळी जागा घातली, आणि यंत्र क्षणभर थबकिले, आणि उभयता श्वास रोखोन पाहतात तो त्रुटी. किल्लेदाराने सुचविले की नावच दोनदा घाला, पुष्कळ लोक घालतात. बाईसाहेबांस ठाऊक होते. बंधूंनी तैसेच केले होते, आणि बँकेत त्यांस 'दिवा गेला तेव्हा दिवा गेला तेव्हा' म्हणोन पुकारीत, आणि अर्थ जाणणारा कोणी असल्यास त्यास वाटे की यांच्या घरी वीज टिकतच नाही. त्यांनी ते अमान्य केले. मागील रांग कुरकुरू लागली, पोर रडू लागली, तेव्हा बाईसाहेबांनी अर्ज गुंडाळिला आणि माघार घेतली. वाटेत त्यांस प्रथमच वाटले की आपण उगीच अडतो आहो, आणि हे मनी येताच आपलाच राग आला.

अठ्ठाविसाव्या दिवसाची हकिकत. दुपारी पोर निजली होती, बाईसाहेब न्हाणीघरातोन बाहेर आल्या, तो मातुःश्री खिडकीशी वही उघडी ठेवोन बसलेल्या, आणि चष्मा हातात. बाईसाहेबांनी सवयीने चष्मा घेऊन पदराने पुसला आणि परत दिला, परंतु मातुःश्रींनी तो घातला नाही.

"एक पान शोधत होते," त्या सुनेशीच बोलिल्या. "माझं माहेरचं नाव तुला माहीत आहे?"

बाईसाहेबांस माहीत नव्हते. लिफ्टवाले दारात होते, त्यांसही नव्हते.

"नावाडी असा अर्थ होतो. बावीस वर्षं मी त्या नावाने हजेरी दिली. शाळेत बाई हाक मारायच्या आणि सगळा वर्ग ओरडायचा, हाण वल्हं. मग लग्न झालं. इथे जगभरचे लोहार लिहिलेत मी, एकशे साठ पानं. नावाड्याला एक ओळ नाही." मातुःश्रींनी पान उलटिले. "कोणी मागितलं नव्हतं गं माझ्याकडून. मीच उतरवून ठेवलं आणि मलाच आठवलं नाही कुठे ठेवलं ते."

बाईसाहेब शेजारी बसल्या. मग बाईसाहेबांनी विचारिले की डोंगरापलीकडे ओढे फार, नावाडीही फार, त्यांस काय म्हणतात सांगू काय. मातुःश्रींनी चष्मा घातला आणि नवे पान काढिले. सायंकाळपर्यंत अकरा भाषांतील नावाडी जमा जाहले, काही बाईसाहेबांनी सांगितले, काही शेजाऱ्यांस दूरध्वनी करोन, आणि लिफ्टवाल्यांनी त्या दिवशी एकाही बिजागरीस तेल घातले नाही.

एकोणतिसाव्या दिवशी सुलतानढवा, म्हणजे निकराचा हल्ला. उजव्या बगलेस मातुःश्री वहीनिशी, डाव्या बगलेस लिफ्टवाले पेटीनिशी, कारण पेटीवाचोन कोठे जाणार नाही ऐसी त्यांनी आन घेतली होती, आणि मध्यभागी बाईसाहेब, आणि छातीशी खुद्द बाळराजे. दार उघडण्यापूर्वीच रांग धरिली आणि क्रमांक सहा पटकाविला.

किल्लेदाराने ओळखिले, आणि यंत्र तेच आहे हो, ऐसे खेदाने सांगितले. तेव्हा बाईसाहेब काही बोलणार, तो मातुःश्रींनी पुढे होऊन आपल्या नेहमीच्या शिरस्त्याने पुसले की तुमचे स्वतःचे आडनाव काय, आणि त्याचा अर्थ काय. रांगेतील एकजण हसला. किल्लेदाराने एक पेन्सिल उगाच सरळ केली.

"दुसरा," तो बोलिला.

"दुसरा कोण?"

"दुसराच. आमच्या पणजोबांच्या गावात त्यांच्याच नावाचा आणखी एकजण होता. शिरगणतीवाल्याने त्याला पहिला लिहिलं आणि यांना दुसरा. तेच पुढे चाललं." मग आवाज खाली करोन त्याने सांगितले की शाळेत तो धावण्यात एकदाच पहिला आला, आणि मुख्याध्यापकांनी बक्षीस देताना नाव वाचिले, आणि ढाल दुसऱ्या क्रमांकाच्या मुलास दिली. घरी जाऊन त्याने कोणास सांगितले नाही.

मातुःश्रींनी वही मिटली. बाईसाहेब इतकेच बोलिल्या, "मग तुम्हाला मी काय सांगायचं?"

किल्लेदार उठिला. त्याने मागील कपाट उघडोन जुनी नियमावली काढिली, तिजवरील धूळ रुमालाने पुसली, आणि पान लावोन दाखविले, की 'आडनाव असल्यास' ऐसे मूळ शब्द आहेत. तारा कायद्यात नाही. तारा यंत्र बनविणाऱ्याने घातला, आणि आजवर कोणी विचारिले नाही. परंतु तारा काढणे त्याच्या हुकमतीत नव्हे. त्यास वरील मजल्यावरच्या मुख्य अधिकारी बाईंची सही पाहिजे.

मंडळी वर गेली. जिन्यानेच. मुख्य बाई बैठकीत होत्या, आणि बैठक लांबली, आणि दोन तास मंडळींनी बाकावर तळ दिला. बाळराजांनी त्या अवकाशात दोनदा दूध घेतले, एकदा लिफ्टवाल्यांच्या सदऱ्यावर परत केले, आणि भिंतीवरील घड्याळाकडे पाहोन जांभई दिली. दारावर मुख्य बाईंच्या नावाची पितळी पाटी होती. बापाकडील दोन आडनावे, आईकडील दोन, आणि अक्षरे दोन ओळींत मावोनही अखेरचे अक्षर कडेस टेकलेले.

मुख्य बाईंनी अर्ज वाचिला, नियम वाचिला, आणि बाईसाहेबांस पुसले की मुलगी मोठी झाल्यावर तिची अडचण होणार नाही काय, जागोजागी लोक उरलेले नाव कोठे म्हणोन विचारणार.

"विचारतील," बाईसाहेब बोलिल्या. "मला अकरा वर्षं विचारतात. मी चूक उत्तर दिलं, म्हणून चिकटलं. ती बरोबर उत्तर देईल."

"काय उत्तर?"

"की इतकंच आहे. आणि पूर्ण आहे."

मुख्य बाईंनी लेखणी उचलिली. सही करावयास त्यांस बराच वेळ लागला, कारण चारी आडनावे लिहिणे प्राप्त, आणि शेवटच्यास कागद संपत आला म्हणोन ते समासात वळविले. मग कागद देताना त्या बोलिल्या की सुटसुटीत आहे हो तुमचं, आणि त्या बोलण्यात थोडा हेवा होता ऐसे मातुःश्रींचे मत पडले.

खाली किल्लेदाराने यंत्रवाल्यांस दूरध्वनी केला, आणि सहीच्या कागदाचा क्रमांक सांगितला, आणि चार वेळा 'हो, कोरीच' ऐसे बजाविले. मग पडद्यावरील तारा दिसेनासा जाहला. किल्लेदाराने बाळाचे नाव एकेक अक्षर विचारोन घातले, आणि आडनावाच्या चौकटीशी येऊन हात कळफलकापासोन दूर नेला, आणि एका बोटाने अखेरची कळ दाबिली. यंत्र घरघरले, आणि दाखला बाहेर आला. तिसरी चौकट पांढरी, स्वच्छ, काठोकाठ कोरी. बाईसाहेबांनी दाखला उजेडाकडे धरोन, भिंग तपासावे तैसा, वर-खाली तपासिला. त्यात कोठे ओरखडा नव्हता. मग त्यांचे डोळे भरोन आले, आणि किल्लेदाराने दृष्टी वळवोन पुढील क्रमांकास पुकारिले.

दीड महिन्याने लस टोचण्याची वेळ आली. दवाखान्याच्या बाहेरील खोलीत आठ-दहा आया पोरे घेऊन बसल्या होत्या. परिचारिका यादी घेऊन दारात आली, आणि कागद पाहिला, आणि पुढील काही राहिले काय म्हणोन उलटवोन पाहिला. मागे काही नव्हते. मग तिने मान वर केली आणि तो एकच शब्द, थोडा चुकीच्या उच्चाराने, उच्चारिला, आणि थांबली. खोलीत कोणी हसले नाही. बाईसाहेब उठोन उभ्या राहिल्या, आणि उच्चार सुधारोन सांगितला, आणि परिचारिकेने तो पुन्हा म्हणोन पाहिला, आणि या वेळी बरोबर आला, तेव्हा पोरीने मान वळवोन तिजकडे पाहिले.

येणेप्रमाणे एक बोट लांब आणि अर्धे बोट रुंद मुलूख, बिनरक्तपाताने, एकोणतीस दिवसांत, दोन स्वाऱ्यांनी, सासू-सुनेच्या एकजुटीने आणि चार नंबरच्या किल्लेदाराच्या साह्याने काबीज जाहला, आणि त्यात काहीही न लिहिता तो कायम राखिला. फत्तेची नोंद दाखल असे.